दुकानाचं खातं सांभाळणाऱ्या पोरीने अकरावीला काय घ्यावं?

ताई, राम राम.

चोपडा तालुक्यात माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. पोरगी यंदा दहावी झाली. ८१ टक्के पडले, गणितात मात्र १०० पैकी ६४. तिला कॉमर्सच घ्यायचं आहे आणि त्यावर घरात कुणाचं काही म्हणणं नाही. भांडण विषयांवरून आहे. कॉलेजात हिंदीऐवजी आयटी घेता येतं म्हणे. एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, आणि गणित यांतला एक घ्यावा लागतो. आणि द्विलक्षी, म्हणजे धंदेशिक्षणाचा म्हणून, मार्केटिंगचा एक २०० मार्कांचा विषय आहे.

तिचे सर म्हणतात, गणित सोड, एसपी घे, टक्के वाढतील. मामा पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणतो कॉम्प्युटर शिकवायचं तर सायन्सला टाका, कॉमर्सचं आयटी म्हणजे टाइमपास. माझा भाऊ म्हणतो टॅलीचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशोबाचा, क्लास लावून द्या, बाकी सगळं पुस्तकातलं. पोरगी म्हणते मला मार्केटिंग आवडतं. पण ती तर मोबाइलवर गिऱ्हाइकांचे ग्रुप करत बसलेली असते, केळीवाले वेगळे, कापूसवाले वेगळे. याला मार्केटिंग म्हणायचं का? दिवाळीआधी उधारीचा मेसेज तिनेच लिहिला होता, 'राम राम काका, कापूस मोजला की आमच्या दुकानाकडे एक चक्कर मारा, चहा ठेवते.' मी तगादा लावून थकलो होतो ते दोघे आपणहून पैसे देऊन गेले.

आमची आई म्हणते, 'पोरले इतलं शिकाडीसन काय कराणं शे, दुकानना बठ्ठा हिशोब ती आतेच ठेवस.' खरं सांगू का, पुढे दुकान तिनेच सांभाळलं तर मला आवडेल. पण तिला तसं बोललो नाही. लॅपटॉपही मागते आहे. काय करावं?

– एक दुकानदार बाप, चोपडा तालुका

भाऊ, राम राम.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. इंग्रजी, बुककीपिंग, इकॉनॉमिक्स आणि ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन, हे चार ठरलेलेच आहेत. हिंदीच्या जागी आयटी घ्या. एसपी की गणित, तर गणित. द्विलक्षी मार्केटिंग घेऊ नका. मामांना चहा पाजा आणि सायन्सचा विषय तिथेच मिटवा.

सरांच्या सल्ल्यापासून सुरू करते, कारण त्यांचाच शब्द तुमच्या घरात जड पडणार. ते वाईट सांगत नाहीत. एसपीत पाठ करून मार्क पडतात आणि गणितात पडत नाहीत, हे कुणीही कबूल करेल. माझी सगळी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स शिकवण्यात गेली. दर जूनला पालक स्टाफरूमच्या दारात हाच प्रश्न घेऊन उभे असायचे आणि 'स्कोरिंग' या एका शब्दावर चांगली चांगली पोरं गणित टाकून जायची. वाढलेले ते टक्के पुढे कुठे वटतात, एवढंच मला कुणी सांगावं. आपल्याकडे बी.कॉम.ला प्रवेश मिळायला फार टक्के लागत नाहीत. बी.बी.ए., बी.सी.ए.ला २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, तिथे सीईटीचे गुण धरतात. सी.ए.ला बारावी पास पुरते, पुढे त्यांची स्वतःची परीक्षा.

त्या परीक्षेचं जरा ऐका. सी.ए. फाउंडेशनला चार पेपर असतात, १०० गुणांचा एकेक. त्यातला तिसरा गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के पडल्याशिवाय पास नाही. बारावीला गणित न घेता सी.ए. झालेले लोक आहेत, पण त्यांना सगळं गणित बारावीनंतर क्लासवाल्याला पैसे देऊन पहिल्यापासून करावं लागलं. बी.सी.ए.ला कुठे गणित मागतात, कुठे मागत नाहीत. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच. तुमची पोरगी दिल्लीला जाणार नाही, असं तुम्ही म्हणाल. जाईल किंवा न जाईल, दार आपण कशाला लावून घ्यायचं? एसपी, टॅली, मार्केटिंग हे सगळं विसाव्या वर्षी शिकता येतं, चाळिसाव्या वर्षीही येतं. दोन वर्षं सुटलेलं गणित पुन्हा हातात धरणारी पोरं मी फार थोडी पाहिली.

आता ६४ मार्कांचं. बाकीचे ३६ कुठे गेले ते तिला विचारा. दहावीला बीजगणिताचा एक भाग आणि भूमितीचा एक. बीजगणितात 'अर्थनियोजन' म्हणून प्रकरण आहे, त्यात जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड येतात. ते तिला सोपं गेलं असेल आणि मार्क भूमितीच्या सिद्धतांत गेले असतील, तर काळजीचं कारण नाही. त्या सिद्धता कॉमर्सच्या गणितात नाहीत. उलट असेल, म्हणजे जीएसटीचं गणितच सुटलं नसेल, तर मला पुन्हा पत्र लिहा, मी एसपी सांगेन. पण दुकानाचा हिशोब ठेवणाऱ्या पोरीचं तसं झालं असेल असं वाटत नाही.

कॉमर्सचं गणित सायन्सच्या गणितापेक्षा वेगळं आहे, हे फार पालकांना माहीत नसतं. बारावीच्या दुसऱ्या भागाचं पहिलंच प्रकरण आहे कमिशन, दलाली आणि सूट. पुढे विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, रेषीय प्रायोजन, कोणतं काम कुणाला द्यायचं म्हणजे खर्च कमी येतो त्याचं गणित. त्या पहिल्याच प्रकरणात डेल क्रेडेर एजंट नावाचा गडी येतो. नाव परदेशी, पण माणूस आपल्या ओळखीचा. माल विकून तर देतोच, शिवाय घेणाऱ्याने पैसे बुडवले तर मी भरीन अशी हमी देतो आणि त्या हमीचं वेगळं कमिशन घेतो. केळीच्या बागेत व्यापाऱ्याला घेऊन येणारा आणि 'पैशाचं माझ्याकडे लागलं' म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला असेलच. फरक एवढाच की पुस्तकातला हमी पाळतो.

याच प्रकरणात व्यापारी सूट आणि रोख सूट येते. तुम्हाला कंपनीचा माणूस येऊन सांगतो, दहा टक्के स्कीम आणि रोख भरलं तर वर पाच. आपण मनात पंधरा धरतो. दहा हजारांच्या मालावर दहा टक्के गेले की राहिले नऊ हजार, आणि पाच टक्के त्या नऊ हजारांवर मिळतात. म्हणजे भरायचे ८,५५० आणि सूट झाली साडेचौदा टक्के. अर्धा टक्का कुठे गेला हे तुमच्या पोरीला बिलावर दाखवा. ते तिला पटकन दिसलं, तर तिने गणित घ्यावं की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. अकरावीच्या पहिल्या भागात संच, फल, सीमा, विकलन असलं काही येतं. ते दुकानात कुठे दिसत नाही आणि पहिल्या चाचणीत भल्याभल्यांची दांडी उडते. तिचीही उडेल. तेव्हा 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणायला सगळे जमतील. अकरावीच्या चाचणीचे मार्क बारावीनंतर कुणी विचारत नाही. दिवाळीपर्यंत धीर धरा. तोवर खरंच झेपत नसेल तर प्राचार्यांना भेटून एसपीवर येता येतं का ते बघा. गणितातून एसपीकडे येणं सोपं असतं. एसपी घेऊन दिवाळीला गणितात जाणं जवळपास होत नाही.

एसपीवर मी अन्याय करते आहे असं वाटू नये म्हणून अमळनेरचं सांगते. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच आजची विप्रो. पुढे गावातल्या बऱ्याच लोकांनी शेअर घेतले, आणि बोनसवर बोनस मिळत त्या शेअरांचं काय झालं ते खान्देशात सांगायला नको. पण कागद ट्रंकेत पडून आहेत, ज्यांच्या नावावर ते वारले, वारस तिघे, अशी घरंही असतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाहीत, त्यासाठी डीमॅट करावं लागतं, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात जमा करावे लागतात. डिपॉझिटरी म्हणजे काय, लाभांश कोणाला मिळतो, कंपनी भागधारकाला पत्र कसं लिहिते, हे सगळं बारावीच्या एसपीत आहे. चांगला विषय आहे. गणिताशी त्याची गाठ घातली नसती तर मी दोन्ही घ्या म्हटलं असतं. ते पुस्तक सेकंडहँड आणा आणि घरात ठेवा, पोरगी सुटीत वाचेल.

त्याच अमळनेरवरून मामांनाही उत्तर मिळतं. तुपाच्या कारखान्याने १९८० च्या सुमाराला कॉम्प्युटरचा धंदा धरला. धंदा आणि कॉम्प्युटर हे एका घरात नांदतात, त्यासाठी फिजिक्स-केमिस्ट्रीचा उंबरा ओलांडावाच लागतो असं नाही. पोरीला कॉम्प्युटर बनवायचा असता, इंजिनीअर व्हायचं असतं, तर मामांचं बरोबर होतं. तिला कॉम्प्युटरवर धंदा करायचा आहे. दोन वर्षं केमिस्ट्रीचे रेणू मोजून तिला काय मिळणार?

आयटीचा विषय टाइमपास आहे का? पुस्तक बघाल तर नाही. बारावीला वेबसाइट तयार करणं आहे, जावास्क्रिप्ट आहे, ई-कॉमर्स आणि ई-गव्हर्नन्स आहे, आणि एसईओ नावाचं प्रकरण आहे. म्हणजे कुणी गूगलवर 'चोपड्यात ठिबकचं सामान' असं शोधलं तर कोणाचं दुकान वर दिसावं, याची विद्या. ८० गुणांचा पेपर कॉम्प्युटरवरच द्यायचा असतो, २० प्रात्यक्षिकाचे. पण मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. काही कॉलेजांत आयटीची लॅब वर्षभर कुलपात असते आणि फेब्रुवारीत प्रश्नसंच पाठ करून घेतात. तिथे तो टाइमपासच, आणि वर वेगळी फी.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी स्वतः कॉलेजात जाऊन या. एकटे जाऊ नका, पोरीला घेऊन जा. ऑफिसात माहितीपत्रक मागू नका, शिपायाला विचारा लॅब कुठे आहे. दार उघडं असेल तर आत जा. यंत्रांवर धूळ आहे का, किती चालू आहेत, लाइट गेली तर काय करतात, आयटीला कोण आहे, तो पूर्ण वेळ असतो की तासिकेवर येतो. शिकवणाऱ्या मास्तरांशी किंवा मॅडमशी दोन मिनिटं बोला. तीच चौकशी गणिताची करा. कॉमर्सला गणित शिकवायला वेगळा माणूस आहे की सायन्सचे सर वेळ मिळाला तर येतात? ही दोन उत्तरं माझ्या सगळ्या पत्रापेक्षा मोलाची आहेत. गणिताला माणूसच नसेल तर गणित घ्या हा माझा सल्ला त्या कॉलेजपुरता रद्द समजा, आणि दुसरं कॉलेज बघा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, अर्जात पसंतीक्रम द्यावा लागतो. गावाजवळचं म्हणून डोळे मिटून पहिलं नाव टाकू नका. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. तेव्हा दहा किलोमीटर जास्त गेल्याने खर्च वाढत नाही, फक्त गाडीची वेळ बघा. संध्याकाळी परतीची गाडी कधी आहे हे पोरींच्या शिक्षणात विषयाइतकंच महत्त्वाचं असतं, आणि ते कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

आता मार्केटिंग. तुम्ही विचारलंत, मोबाइलवर गिऱ्हाइकांचे ग्रुप करण्याला मार्केटिंग म्हणायचं का. हो भाऊ, त्यालाच म्हणतात. केळीवाले वेगळे आणि कापूसवाले वेगळे हे तिने कुणी न शिकवता केलं. केळीवाल्याला वर्षभर खत लागतं, विद्राव्य खतं लागतात आणि त्याच्या हातात पैसा बाग कटली की येतो. कोरडवाहू कापूसवाला जूनमध्ये बियाणं नेतो आणि कापूस मोजल्यावर देतो. दोघांना एकच मेसेज पाठवणारा दुकानदार दोघांनाही नकोसा होतो.

आणि तो उधारीचा मेसेज मी पुन्हा वाचला. त्यात आकडा नाही. 'बाकी' हा शब्द नाही. ग्रुपवर टाकून चारचौघांत कुणाची लाज काढलेली नाही. पैसे मागितले ते ज्या आठवड्यात त्याच्या खिशात पैसे असणार त्याच आठवड्यासाठी, आणि वर चहा. कॉलेजात मी मार्केटिंगचं प्रकरण शिकवायची तेव्हा पोरं सात 'पी' घोकायची, उत्पादन, किंमत, ठिकाण, प्रसार आणि पुढचे तीन. एवढं साधं काम त्यातल्या एकालाही जमलं नसतं, पेपरात मात्र पैकीच्या पैकी.

मग हिला मार्केटिंगच का घेऊ द्यायचं नाही? कारण द्विलक्षीचं गणित वेगळं आहे. मार्केटिंग आणि सेल्समनशिप हा २०० गुणांचा विषय, दोन पेपर. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, असे दोन विषय त्याच्या पोटात जातात. म्हणजे आयटीची जागा गेली आणि गणिताचीही. एवढं देऊन जे मिळतं त्यातला गाभा बारावीच्या ओसीत असतोच. शेवटचं प्रकरण विपणनाचंच आहे, त्याआधी ग्राहक संरक्षण आहे, उद्योजकता आहे, ई-बिझनेस आहे. आणि बी.कॉम. असो की बी.बी.ए., मार्केटिंग पुढे समोर येतंच, चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. जी पोरगी बारावीनंतर लगेच नोकरी करणार आहे तिला मी द्विलक्षी किंवा एचएससी व्होकेशनलचा मार्केटिंग-रिटेलचा अभ्यासक्रम जरूर सांगते, तिथे हाताला काम मिळतं. तुमच्या पोरीच्या हाताला काम आधीच आहे.

तिला खरंच गोडी असेल तर या सुटीत एक उद्योग द्या. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव निघतो, तो आपल्याकडे सगळे बघतात. तिने तो महिनाभर रोज वहीत लिहावा. शेजारी, त्या दिवशी गावातल्या बागेत व्यापाऱ्याने प्रत्यक्ष कितीने माल उचलला ते. आणि तिसऱ्या रकान्यात शेतकरी काय कारण सांगतो ते: माल बारीक होता, गाडी मिळत नव्हती, पाऊस होता, पैशाची घाई होती. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनाचा त्या वहीतल्या भावावर काही परिणाम दिसतो का, हे तिने तिचं तिने ठरवावं. ज्या दिवशी तिसरा रकाना पहिल्या दोघांपेक्षा जास्त भरलेला दिसेल, त्या दिवशी तिला मार्केटिंग कळायला लागलं समजा.

तुमच्या भावाच्या टॅलीबद्दल थोडक्यात. टॅली शिकावीच, पण बारावीच्या सुटीत. तुमच्याच काउंटरवरचं एक बिल घ्या. बियाण्याला जीएसटी नाही. खताला पाच टक्के. रासायनिक कीटकनाशकाला अठरा. एका गिऱ्हाइकाने तिन्ही नेलं, आठवड्याने औषधाची न फोडलेली बाटली परत आणली, आणि सीझन संपल्यावर कंपनीने तुम्हाला स्कीमची क्रेडिट नोट दिली. टॅलीत बटण कुठलं दाबायचं हे क्लासवाला सांगेल. नावे कोण आणि जमा कोण हे त्याने सांगितलेलं पोरीने नुसतं ऐकलं, तर मार्चमध्ये ताळेबंद जुळणार नाही आणि तुम्ही सी.ए.कडे पिशवीभर कागद घेऊन जाल. बुककीपिंग आधी रोजकीर्द-खतावणी हाताने लिहून पक्कं होऊ द्या. खत विकताना पॉस मशीनवर गिऱ्हाइकाचा आधार घेता, तिथला साठा आणि गोदामातल्या गोण्या जुळवण्याचं काम आतापासूनच तिच्याकडे द्या. युरियाची एकेक गोणी जुळवणारीला मालखातं वेगळं शिकवावं लागत नाही.

तुमच्या आईंचं बोलणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पोरगी हिशोब ठेवते हे त्यांनी पाहिलंय, घरात इतर कुणी ते मोठ्याने बोललेलं दिसत नाही. पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ उलटा आहे. आणि तुमचा हेतू, दुकान तिने सांभाळावं, तो तुम्ही मला लिहिलात आणि तिला सांगितला नाहीत. हे बरं नाही. विषय ठरवणाऱ्या पोरीला ही गोष्ट माहीत असायला हवी. ती नाही म्हणाली तर तेही आत्ताच कळू द्या.

कारण इथे एक अडचण आहे, आणि ती सरांनी, मामांनी, भावाने कुणीच काढली नाही. कीटकनाशक विकण्याच्या परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे. कृषी, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा विषयांची पदवी किंवा सरकारमान्य कृषी पदविका, स्वतःकडे किंवा दुकानात नेमलेल्या माणसाकडे असावी लागते. बी.कॉम.च्या बळावर तो परवाना होत नाही. म्हणून तिला सायन्सला टाका असं मी म्हणत नाही. कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेची 'देसी' नावाची पदविका आहे, ४८ आठवड्यांची, आठवड्यातून एकदा वर्ग. दहावी पास माणूस ती करू शकतो. तुम्ही स्वतः केली नसेल तर आधी तुम्ही करा. तिचं वय आणि परवाना तिच्या नावावर करायची वेळ यायला अजून वर्षं आहेत, तोवर नियमही बदलतील. पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याला आजचा नियम विचारून ठेवा. खात्यातला माणूस तुमच्याकडे तपासणीला येतोच, तेव्हा चहाबरोबर हेही होऊन जाईल.

आणखी एक. ती दुकानात बसते त्याचा पगार द्या. फार नको, पण दर महिन्याला, तिच्या बँक खात्यावर, आणि तिच्याच हाताने पगार खात्याला नावे लिहून. फुकट बसणारी पोरगी घरकाम करते आहे असं सगळ्यांना वाटतं, तिलाही. पगार सुरू झाला की ती तुम्हाला उधारीबद्दल प्रश्न विचारायला लागेल आणि काही प्रश्न तुम्हाला आवडणार नाहीत. तेवढी तयारी ठेवा.

बारावीनंतरच्या खर्चाची चिंता असेल तर एवढं लक्षात ठेवा की २०२४-२५ पासून राज्याने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे, प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागेल तिथे नॉन-क्रिमिलेअर, हे कागद सेतू केंद्रातून आत्ताच काढायला लागा. जून-जुलैत तिथली रांग तुम्हाला माहीत आहे.

लॅपटॉप आत्ता घेऊ नका. दुकानासाठी एक वापरलेला डेस्कटॉप घ्या, सोबत यूपीएस, कारण आपल्याकडची लाइट. त्यावर लिब्रेऑफिस फुकट टाकता येतं, एक्सेलचं सगळं शिकणं त्यावर होतं. कीबोर्ड साधा घ्या आणि तिला दोन बोटांनी टाइप करू देऊ नका. तालुक्याला टायपिंगची इन्स्टिट्यूट असेल तर मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची सरकारी परीक्षा देऊन टाका, सरकारी लिपिकाच्या भरतीत तेच प्रमाणपत्र मागतात आणि आयटीच्या पेपरातही हात चालतो. डेस्कटॉपचं बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर घ्या, आणि ते संगणक खात्याला कसं लिहायचं हे तिलाच विचारा.

तुमची ताई